केसभर कड

सुनेनं पडद्यावरच्या पोरीच्या डोक्याभोवती रेघ ओढत आणली, टोकाला टोक मिळवलं, आणि त्या रेघेला मुंग्या लागल्या. बारीक, काळ्या-पांढऱ्या, एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड. केसांच्या कडेनं निघाल्या, कानावरून उतरल्या, हनुवटीखालून वळल्या आणि पुन्हा कपाळावर आल्या. थांबायचं नाव नाही. मागे स्टुलावर बसलेल्या ब्रशबाईच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आधी त्या मुंग्या झाड," ती म्हणाली.

"मुंग्या नाहीत आई, निवड आहे ती. एवढा भाग निवडला, असं मशीन दाखवतंय."

"निवडायला ते काय तांदूळ आहेत? झाड म्हणते ना!"

सून हसली. अकरा वर्षं या घरात काढल्यावर सासूच्या कुठल्या बोलण्यावर हसायचं आणि कुठल्या बोलण्यावर गप्प बसायचं हे तिला न सांगता कळायचं. आज तिचा अंदाज चुकला. वळून पाहिलं तर सासू पडद्याकडे बघतच नव्हती. उजव्या हाताची बोटं उघडमीट करत बसली होती, जणू मुंग्या पडद्यावरून उतरून तिथे आल्या होत्या.

फोटो सकाळीच आला होता. घेऊन आली ती बटणवाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचं बटणांचं आणि दोऱ्यांचं दुकान. अडतीस वर्षांपूर्वी ती या स्टुडिओत दोनदा येऊन गेली होती, त्यानंतर कधीच नाही, पण पायरीवर काठी टेकल्याचा आवाज झाला आणि ब्रशबाईनं मान वर करायच्या आधीच ओळखलं. काही माणसं येतील येतील म्हणून इतकी वर्षं कान देऊन बसलेलो असतो, की ती खरोखर आली म्हणजे उशीर झाल्याबद्दल रागच येतो. "माझ्या नजरेला भोक पडलंय, बाई," बटणवाली खुर्चीत टेकत म्हणाली. "समोर बघितलं की मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हणतो, आता मधलं परत यायचं नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. तुमचं तोंड नाही दिसत मला, पण कानातलं दिसतंय." "नशीब तुमचं," ब्रशबाई म्हणाली, "तोंडापेक्षा कानातलंच बरं आहे." दोघी हसल्या. मग बटणवालीनं जुन्या बाहीच्या कापडात गुंडाळलेला फोटो सोडला आणि तळहातानं काच पुसावी तसा पुसून पुढे केला. "हिची कड मला लागत नाही हो. केस कुठे संपतात, गाल कुठे वळतो, सगळं धुक्यात गेल्यासारखं. मोठी करून द्या, आणि कड अशी करा, कापल्यासारखी. म्हणजे मला ती डोळ्याच्या कोपऱ्यातून तरी दिसेल." ब्रशबाईनं फोटो घेतला, एकदाच पाहिला, पालथा ठेवला आणि म्हणाली, "चार दिवसांनी या." आवाज अगदी दुकानातला होता. त्या आवाजाचा तिला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून स्वतःची थोडी किळसही आली.

ब्रशबाई हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं आणि तिनं ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं होतं. शाळा तिची दोन इयत्तांत आटोपली. अजूनही ती अक्षरं एकेक उचलून, खडा आहे की दाणा आहे ते बघत वाचायची. पण माणसाचं तोंड तिला छापल्यासारखं वाचता यायचं. नवरा फोटो काढायचा आणि ती त्यांना माणसांत आणायची. निगेटिव्हवर सुईसारख्या टोकाच्या कडक पेन्सिलीनं डोळ्याखालची काळजी मिटवायची, देवीचे व्रण बुजवायची, नवरीच्या कपाळावरची आठी काढायची. "ते काय, कळ दाबायचे," ती नवऱ्याच्या देखतच गिऱ्हाइकांना सांगायची. "कळ माकडही दाबेल." नवरा ऐकून घ्यायचा. ऐकून घेणं हा त्याचा दुसरा धंदा होता. तो गेल्यावर मुलानं कॅमेरे बदलले, सुनेनं कॉम्प्युटर आणला, अंधाऱ्या खोलीत आता जुने स्टँड आणि पाणी तापवायचं यंत्र राहतं. पण ब्रशबाई रोज सकाळी खाली येते आणि सुनेच्या मागे स्टुलावर बसते. सुनेला ते नकोसं होतं का, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

"आता या फोटोची कड मऊ करते," सून रोज सांगायची, पाहुण्यांना घर दाखवावं तसं. "हे बघा, पाच पिक्सेल. पाच ठिपके म्हणा. कडेला पाच ठिपक्यांत आतलं हळूहळू कमी होत जातं आणि बाहेरचं हळूहळू वाढत जातं. म्हणजे जोड दिसत नाही." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ब्रशबाईनं नाक मुरडलं होतं, पण आतून तिला धक्का बसला होता, तिचंच काम होतं ते, फक्त थुंकी न लावता. तिच्या वेळी फोटोतलं डोकं ब्लेडनं कापावं लागे, एकेका केसाशी वळत. मग ते पालथं घालून त्याची कड मागून बारीक काचपेपरनं घासायची, घासत घासत कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ करायची; मग खळ लावून दुसऱ्या धडावर बसवायचं, नखानं दाबायचं, ब्रश जिभेवर ओला करून जोडावर करडा रंग फिरवायचा, आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. त्या रंगाची कडवट, धातूसारखी चव तिच्या जिभेवर अजून होती. जेवताना मध्येच यायची. आणि घासलेल्या कडेची धूळ टेबलावर पडायची, पिठासारखी, ती ती फुंकरीनं उडवायची. ती धूळ कशाची आहे हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आता रोज येत होतं.

"आई," सून म्हणाली. तिनं पोर खूप मोठी केली होती, नुसता गाल आणि मान, भिंतीएवढी. "ही जोडलेली पोर आहे. मानेवर बघा. डोकं कुणाचं तरी आहे, आणि खाली माणूसच नाही. नुसता फ्रॉक आहे, आत काहीतरी कोंबलंय."

"कापूस," ब्रशबाई म्हणाली.

"काय?"

"कापूस कोंबलाय. दोन उशांचा. काम कर."

सून काम करायला लागली. कड ठळक करायची तर आधी मऊपणा काढावा लागतो. ती मानेच्या रेघेवरचा करडा रंग थराथरानं उतरवत गेली आणि रंगाखालून ब्लेडची वाट वर आली. ब्रशबाईनं ती लगेच ओळखली. कानाच्या पाळीजवळ ब्लेड जरा थांबलं होतं. त्या क्षणी बाहेरून "आई, माझी रिबीन कुठेय?" अशी हाक आली होती, आणि ती "खुंटीवर, डोळे असतील तर बघ!" म्हणून ओरडली होती. ब्लेड तेवढं थांबलं आणि पुढे गेलं. जिचं डोकं कापत होती तीच दारात उभी राहून रिबीन मागत होती, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. कामात होती ती.

"हनुवटी यांची आहे," सून एकदम म्हणाली. "हे" म्हणजे तिचा नवरा. तिचा हात माउसवरून उचलला गेला. "आई, ही हनुवटी यांची आहे. खाली खळगा बघा. आपल्या पोराला पण आहे." मग तिनं वळून पाहिलं, आणि जे विचारायचं ते विचारलं नाही. अकरा वर्षांत या घरात तिनं एवढंच ऐकलं होतं की नवऱ्याला एक धाकटी बहीण होती, आठ वर्षांची असताना तापानं गेली, आणि तिचं नाव काढलं की आई जेवत नाही.

तर झालं होतं असं. अडतीस वर्षांपूर्वी बटणवाली काखेत एक फ्रॉक घेऊन आली होती. आतून पुसून काढल्यासारखा चेहरा. आठ वर्षांची पोर गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. उद्या काढू, परवा काढू, असं करत राहून गेलं. "मी सांगते कशी होती ते," ती म्हणाली, "तुम्ही बनवाल का?" नवरा म्हणाला, "बाई, आम्ही देव नाही." तेवढ्यानंच ब्रशबाईचं पित्त खवळलं. नवऱ्याला जमणार नाही असं काही दिसलं की तिला ते जमवावंसं वाटायचं, जित्याची खोड. "सांगा तुम्ही," ती म्हणाली. "गोल चेहरा? भुवया जवळ? तीळ कुठल्या गालावर? पंधरा दिवसांनी या." आणि बाई गेल्यावर कळलं की चेहरा कशातूनही निघत नाही, तो कुठून तरी आणावा लागतो. समोर बघणारी, डाव्या बाजूनं उजेड असलेली, आठ वर्षांची मुलगी हवी. तशी एकच होती. नवरा म्हणाला, तिलाच घालू तो फ्रॉक आणि काढू फोटो, सोपं होईल. "मेलेल्या पोरीचा फ्रॉक माझ्या पोरीच्या अंगाला लावू? जीभ झडेल तुमची!" ती असं म्हणाली होती. शब्दन् शब्द आठवतो. म्हणून फ्रॉकात कापूस भरला. फ्रॉक लावू दिला नाही अंगाला. आणि डोकं स्वतःच्या हातानं कापून दिलं. मग भुवया जवळ आणल्या, कपाळ उतरवलं, डाव्या गालावर टोकदार ब्रशनं एक तीळ ठेवला. बटणवालीनं फोटो बघितला आणि खालीच बसली. "हीच," म्हणाली. "तुम्ही कुठे पाहिलीत हिला?" त्या दिवशी ब्रशबाई संध्याकाळपर्यंत मान ताठ करून हिंडत होती. चार महिन्यांनी तिची पोर तीन दिवस तापली आणि गेली. त्या वर्षी ताप गावभर होता, बरीच पोरं गेली. हे सगळे सांगत होते. सगळे सांगत होते तेच खरं असणार. पण तिला वाटायचं, यादीत नाव चुकून दोनदा लागावं तसं झालं असेल. वरच्यांनी त्या घरात एक पोर परत उभी पाहिली असेल आणि हिशेब मिळेना म्हणून इथली उचलली असेल.

आणि घरात फोटो? ज्या घरात दिवसाला शंभर तोंडं कागदावर उतरतात त्या घरातल्या पोरीचे फोटो कुणी काढायला बसवत नाही. ती सारखी कॅमेऱ्यासमोर असायचीच. उजेड लावायला तिलाच खुर्चीवर बसवायचे, रोल संपवायला शेवटची दोन चित्रं तिच्यावर घालवायचे. तिची शेकडो चित्रं होती, पाठमोरी, तोंड वेडावलेली, अर्धी हललेली. आणि ती सगळी गिऱ्हाइकांच्या पाकिटांत, गिऱ्हाइकांच्या नावावर. चांदीवाला यायचा दर दोन-तीन वर्षांनी, जुन्या निगेटिव्हमधली चांदी काढायला पोती भरून न्यायचा. पोर जायच्या आधी महिनाभर तो येऊन गेला होता. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वितळली ती, कुणाच्या तरी वाटीत, चमच्यात.

हे तिनं सुनेला एका दमात सांगितलं नाही. दोन दिवस लागले. मध्ये गिऱ्हाइकं आली, ओळखपत्राचे फोटो निघाले, एका म्हाताऱ्यानं "मला जरा तरुण करा" म्हटल्यावर तिनं "मग ओळखणार कोण तुम्हाला, बायको की पोलीस?" असं म्हणून त्याला हसवलंही. आणि पुन्हा स्टुलावर बसून, मागचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं. सून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ब्रशबाईनं बजावलं, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, मशीनवर पाणी सांडू नकोस."

तिसऱ्या दिवशी ती वरून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात एकच फोटो. पोरीचा शाळेचा गणवेश, हातात बंद छत्री, पायांत एक मोजा वर आणि एक घसरलेला, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा; आणि मानेच्या वर डोक्याच्या आकाराचं भोक. केसांच्या बटांसकट, कानांसकट, नीट कातरलेलं भोक. सून तो फोटो हातात घेऊन उभीच राहिली. भोकातून तिला सासूचा पदर दिसत होता.

"हे अडतीस वर्षं ठेवलंत?"

"टाकायचं कुठे?" ब्रशबाई म्हणाली. "आता बसव. तिचं तिला दे."

सुनेनं बसवलं. फ्रॉकावरचं डोकं निवडलं, मुंग्यांसकट उचललं आणि गणवेशावर आणलं. ब्रशबाई स्टुलावरून पुढे वाकली. तिला वाटलं होतं, किल्ली कुलपात बसावी तसा कट् आवाज होईल. पण ते बसेना. डोकं भोकापेक्षा लहान होतं. चहूबाजूंनी केसभर, तेवढीच फट, आणि फटीतून पलीकडलं कोरं पांढरं. सुनेनं मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं, किंचित फिरवलं. तेवढा केसभर भाग ना डोक्यात होता, ना भोकात. ब्रशबाईला माहीत होतं तो कुठे आहे. तो तिनं काचपेपरनं घासला होता आणि फुंकरीनं उडवला होता. त्या खोलीतल्या फटींत, तिच्या तेव्हाच्या लुगड्यात, तिच्या छातीत, कुठे कुठे गेला असेल. "काळजी करू नका," सून हलक्यानं म्हणाली, "कड मऊ करते. थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेऊन फट भरेल."

"त्या फटीत मग कोण असेल?"

"म्हणजे?"

"अर्धं इकडचं अर्धं तिकडचं म्हणतेस. तिकडे काय आहे? पडदा आहे. म्हणजे अर्धी पोर आणि अर्धा पडदा."

सुनेनं माउस सरकवला. तिनं आकडा वाढवला, आणि फट धुकं भरावं तशी भरली. मानेवर डोकं आलं. मग ती भुवयांकडे वळली, जवळ आणलेल्या पुन्हा लांब नेल्या. कपाळ उघडं केलं. आणि शेजारची कातडी उचलून डाव्या गालावरच्या तिळावर ठेवली. तीळ गेला.

"ए! तीळ का पुसलास?" ब्रशबाई ओरडली. "तीळ तिचा आहे!"

सून थिजली. "आई," ती म्हणाली, "तीळ तुम्ही काढला होता. ब्रशनं. तुम्हीच सांगितलंत काल."

मशीनमधला पंखा घूं घूं करत होता. ब्रशबाई पडद्यावरचा गाल बघत होती. तापाच्या तीन दिवसांत ती ओल्या फडक्यानं पोरीचा गाल पुसत होती, आणि फडक्याखाली तीळ जायचा, वर यायचा. भिजल्यावर जास्त काळा दिसायचा. हे तिनं पाहिलं होतं. हजार वेळा पाहिलं होतं, रोज निजण्याआधी, रोज उठल्यावर. त्या तिळावर ओठ टेकले होते तेव्हाचा भाजणारा गाल तिच्या ओठांना अजून आठवत होता. आणि तीळ तर नव्हताच. मग ओठ कशावर टेकले होते? तिनं मनात फडकं पुन्हा फिरवलं, तीळ नको म्हणून. गाल पुसला गेला आणि गालच गेला. फडक्याखाली काही उरलं नाही. पडद्यावर एक पोर उभी होती, लांब भुवयांची, रुंद कपाळाची, हातात छत्री, एक मोजा घसरलेला. नीटनेटकी, बिनतिळाची, शेजारच्या गल्लीतली असावी अशी. ब्रशबाईनं तिच्याकडे बघितलं. ओळखीचं काही हललं नाही. ज्या तोंडासाठी ती आतल्या आत अडतीस वर्षं हात पसरत होती ते तोंड तिनंच बनवलेलं होतं, आणि ते दुसरीच्या घरी, दुसरीच्या नावानं भिंतीवर होतं.

"तुमचीच आहे ही, आई," सून म्हणाली. "हनुवटी बघा ना."

"हनुवटी काय, बापाकडून सगळ्यांनाच येते," ब्रशबाई म्हणाली आणि उठली. स्टुलाला धरून उभी राहिली. मग पाठ फिरवूनच म्हणाली, "उद्या ती आली की मी सांगणार आहे तिला. ही माझी आहे म्हणून. मला ती तिळाची हवी."

"कॉपी काढते ना मी! एक त्यांना, एक तुम्हाला. कुणाचं काही जात नाही."

"जातं," ब्रशबाई म्हणाली. "दोन घरांत दोन, असं एकदा केलं होतं मी." आणि वर निघून गेली. जिना चढताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला फोटो नकोच आहे. आपल्याला हवंय ते त्या बाईच्या तोंडून, तुमची आहे, एवढं ऐकायला. आणि तेवढं ऐकण्यासाठी तिच्या हातातून तिची पोर दुसऱ्यांदा काढून घ्यावी लागेल, तीही आता, भोक पडलेल्या नजरेतून.

चौथ्या दिवशी बटणवाली अकराच्या आत हजर. काठी कोपऱ्यात, पदर खोचलेला, बसायच्या आधीच "झालं का?" सुनेनं मोठा फोटो तिच्या हातात दिला. कडा ठळक, कापल्यासारख्या. केसांची बट न् बट सुटी. बटणवालीनं तो समोर धरला नाही. बाजूला धरला, खांद्याच्या पलीकडे, आणि मान दुसरीकडेच वळवून कोपऱ्यातून बघितलं, चोरून बघावं तसं. बराच वेळ. ब्रशबाई गल्ल्यामागे उभी होती. वाक्य तिनं रात्रीच घासूनपुसून तयार ठेवलं होतं. ते जिभेवर होतं.

"आली गं," बटणवाली म्हणाली. "कड लागली. हा कान. ही हनुवटी. अगं बाई, किती दिवसांनी!" ती हसत होती, आणि हसता हसता फोटोशी बोलायला लागली, जवळ कुणी नाही असं. "कुठे गेली होतीस? ऊं? मी हाका मारत होते ना." मग भानावर येऊन म्हणाली, "हसू नका हं, बाई. रोज सकाळी दुकानात जाताना मी हिला सांगून जाते. काल काय विकलं, कोण भांडून गेलं. माझा नवरा म्हणायचा, पोरगी जिवंत असती तर एवढं ऐकून पळून गेली असती."

"गेलीच असती," ब्रशबाई म्हणाली. हे ते वाक्य नव्हतं. ते वाक्य होतं तिथेच होतं. तिनं ते पुढे ढकललं आणि ते दातांपाशी आलं आणि तिनं बटणवालीच्या हाताकडे पाहिलं. बटणं मोजून मोजून चपटी झालेली बोटं फोटोच्या कडेवरून फिरत होती, केसांवरून, कानावरून, न थांबता, पुन्हा पुन्हा.

"तुम्हाला मुलगाच ना एक?" बटणवालीनं विचारलं.

सून टेबलाचं काहीतरी आवरत होती, ती थांबली.

"मुलगी होती," ब्रशबाई म्हणाली. "आठ वर्षांची."

"अगं आई गं!" बटणवालीची मान फिरली. "आणि मी मेली अडतीस वर्षं... कधी बोलली नाहीस ती? कशी होती? फोटो असेल ना, तुझा तर धंदाच आहे. दाखव की."

ब्रशबाईनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान हलवली, नको म्हणून. पण तिचा हात आपोआप खणाकडे गेला होता, आणि ब्रशबाईनं तोच खण ओढला आणि गणवेशातली, छत्रीवाली पोर काढून बटणवालीच्या दुसऱ्या हातात ठेवली. कळलं तर आता कळेल. आपण सांगितलं असं होणार नाही आणि लपवलं असंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखादं काम दुसरीच्या हाताखाली सोडून दिलं आणि बघत उभी राहिली. गल्ल्याची कड तिच्या तळहातात रुतत होती.

बटणवालीनं दोन्ही फोटो दोन बाजूंना धरले, तराजू धरावा तसे. मान मध्ये. एकदा डाव्या कोपऱ्यातून, एकदा उजव्या. तोंड किंचित उघडं. डाव्या हाताला पुन्हा गेली. परत उजवीकडे. गणवेशातली तिनं जवळ आणली, लांब नेली, जरा तिरकी केली. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली आणि ती घसरून पडली. तिघींपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

"ही तुझ्या वळणावर गेली होती," बटणवाली शेवटी म्हणाली. "उभं राहणं बघ. जसं काही जगावर उपकार करतेय." आणि मग डाव्या हातातली उचलून, "माझी गरीब गाय. नाही गं, एकीचं दुसरीत काहीच नाही."

ब्रशबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या तोंडावर काही लपवलेलं आहे का, हे तिनं आयुष्यभर लोकांची तोंडं वाचलेल्या नजरेनं शोधलं. भुवया, ओठांचे कोपरे, नाकपुड्या. तिला वाचता आलं नाही. जिच्या नजरेला भोक होतं ती मात्र स्वस्थ होती.

"काहीच नाही?" तिनं विचारलं. आवाज दुकानातला नव्हता.

"अगं, आईला कळत नाही का?"

ब्रशबाईनं गल्ल्यावरून हात पुढे केला. "दे माझी," ती म्हणाली.

बटणवालीनं दिली. चाचपली नाही, अडखळली नाही. उजवा हात पुढे केला आणि गणवेशातली पोर तिच्या हातात ठेवली, आणि आपली पोटाशी धरून बाहीच्या कापडात गुंडाळायला लागली. सुनेनं काठी आणून दिली. पायऱ्या उतरून ती दिसेनाशी झाली तरी ब्रशबाई तिथेच उभी होती. मग ती बाहेरच्या बाजूला आली, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, फोटो मांडीवर सरळ केला, आणि न पाहिलेल्या स्थळाचा फोटो पहिल्यांदा हातात यावा तशी, जरा संकोचून, बघायला लागली.